आत जाणारा वारा

१

समुद्राच्या प्रयोगशाळेत टाकीवाला म्हणून तो बावीस वर्षं होता, आणि त्या बावीस वर्षांत धड बादली उचलता येणारा एकही शास्त्रज्ञ त्याने पाहिला नव्हता. यायचे, काचा धुवायचे, वह्या भरायचे आणि निघून जायचे. सिमेंटच्या टाक्या भरणं, पंप चालू ठेवणं, होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी जाणं आणि ज्याला जे हवं ते काढून आणणं, हे सगळं याच्या गळ्यात. तोंडावर त्याला टाकीवाले काका म्हणायचे. पाठीमागे खडूस म्हणायचे, आणि त्यात त्याला खोटं काही दिसत नव्हतं.

सध्या एक मॅडम होत्या. त्यांना तरंगतं शेवाळ लागायचं. हे शेवाळ खडकाला धरून राहत नाही. पिवळट तपकिरी झुपकेच्या झुपके, वाटाण्याएवढ्या फुग्यांवर तरंगत कुठून कुठून वाहत येतात. मॅडमना खरं म्हणजे शेवाळही नको होतं, त्याच्या पानांवर राहणारे जंतू हवे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला बसवून सांगितलं, की हवेचे पाच वाटे केले तर जवळजवळ चार वाटे नायट्रोजन. आपण तो छातीत घेतो आणि जसाच्या तसा सोडतो. हे जंतू मात्र तो हवेतून ओढतात आणि त्याचं खत करतात. भर समुद्रात जिथे खायला काही नाही, तिथे शेवाळ त्याच्यावर पोसतं.

तो म्हणाला, पाचातले चार खाल्ले तर राहिलं काय?

मॅडम हसल्या. म्हणाल्या, इतकं थोडं खातात, की मशीनला लावल्याशिवाय कळतही नाही.

काम असं होतं. आणलेल्या शेवाळाचे दोन भाग करायचे. एक भाग तसाच काचेच्या बरणीत घालायचा, रबरी बूच ठोकायचं आणि बरणी उन्हात, पाण्याच्या हौदात ठेवायची. दुसरा भाग आधी तासभर उकळून मारायचा आणि मग तसाच बरणीत भरायचा. एक जिवंत बरणी, एक मेलेली. मेलेलीत काही घडायचं नाही, म्हणून तर जिवंतीत किती घडलं ते मोजता यायचं. दुपारी मॅडम बुचातून सुई घालून आतली हवा काढायच्या. मग जिवंत शेवाळ परत समुद्रात. मेलेलं झाडांना घातलं तरी चालेल, असं त्या म्हणाल्या होत्या.

पहिला महिना त्याने इमानदारीत उकळलं. नंतर त्याच्या डोक्यात आलं की आपण तासभर स्टोव्हपुढे बसून गवत शिजवतोय, तेही कुणी खाणार नसताना. तेव्हापासून तो चहाच्या किटलीतलं कढत पाणी वरून ओतायचा आणि मेलं म्हणायचा. बावीस वर्षांचा अनुभव सांगत होता, की गार पाण्यात वाढलेली वस्तू कढत पाण्याने मरतेच.

तिसऱ्या महिन्यात एकदा बरण्या हौदातून काढताना त्याला दिसलं, की मेलेल्या बरण्यांची बुचं मधोमध आत गेली आहेत. अंगठ्याने दाबून धरावीत तशी. त्याने एका बुचावर नख मारलं. ते ताणलेल्या चामड्यासारखं वाजलं.

गरम वस्तू गार झाली की आवळते, त्याने स्वतःला सांगितलं. त्यात काय एवढं. शेवाळ त्याने ओल्या गोणपाटात बांधलं आणि बायकोच्या कुंड्यांसाठी घरी नेलं.

२

घर म्हणजे प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला चिकटलेलं क्वार्टर. एक लांब बोळ, त्याच्या एका टोकाला बाहेरचं लोखंडी दार आणि दुसऱ्या टोकाला घराचं दार. पुढे स्वयंपाकाची खोली, आत पलंगाची खोली, दारं एका रेषेत, पलंगावरून बोळ दिसावा अशी. पलंगाच्या खोलीला समुद्राकडे एक खिडकी होती. खारा वारा नको म्हणून तिच्या तावदानांच्या फटी त्याने कधीच लांबीने, काच बसवायच्या त्या पांढऱ्या लगद्याने, बुजवून टाकल्या होत्या.

बायको त्या खोलीत दोन वर्षं होती. उमेदीतली सगळी वर्षं तिने सुताच्या गिरणीत काढली आणि गिरणीने तिला छातीत कापूस भरून घरी पाठवलं. पलंगापासून संडासापर्यंत आठ पावलं, त्यात ती दोनदा थांबायची. उशाशी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरने बाहेर बोलावून त्याला सांगितलं होतं, की आता बरं होण्याचं मनात आणू नका, त्रास कमी होईल एवढं बघा. दोघांनाही हे ठाऊक होतं. म्हणून ती त्याच्याशी झाडांबद्दलच बोलायची आणि तो तिच्यावर झाडांवरूनच खेकसायचा.

खिडकीखाली सात कुंड्या होत्या. त्याने शेवाळ त्यांत पसरलं. आठ दिवसांत वाळून भुगा होईल असा त्याचा हिशोब होता. ते वाळलं नाही. त्याला वासही आला नाही. फुगे टणक राहिले. झाडांनी मात्र महिन्याची वाढ आठवड्यात केली आणि पानं इतकी गर्द झाली की त्याला ती बघवेनात.

दहाव्या दिवशी तो पंपावरून आला तेव्हा मशीन बंद होतं.  आत पाहतो तर बायको पलंगावर बसून केस विंचरत होती.

"घुरघुर नको वाटली," ती म्हणाली. "आज दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले. तुमचा डबा कसला घाण ठेवलाय हो. माणसाने बघितला तर काय म्हणेल."

दोन वर्षांत एवढं लांब वाक्य ती एका दमात बोलली नव्हती. तो डबा घासायला गेला, आणि नळ सोडून उगाचच बराच वेळ उभा राहिला.

लेकीला फोन गेला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिला आधी खरं वाटेना, मग ती रडली, मग म्हणाली, बाबा, तुम्ही काहीतरी झाडपाल्याचं औषध देताय का तिला? याने सांगितलं, देतोय. आणि ते खोटंही नव्हतं.

३

बायको बरी होत होती म्हणून तो बाकीच्या गोष्टींकडे काणाडोळा करत राहिला.

घराचं दार बोळात, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडायचं. ते जड झालं. लाकूड फुगलं असेल म्हणून त्याने कडा तासल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं. तरी आतून खांदा लावावा लागायचा. आणि सुटलं की बाटलीचं बूच निघावं तसा आवाज व्हायचा. पलंगाच्या खोलीत गेलं की कानात दडे बसायचे. काडी ओढली तर ती फुर्रकन पांढरी पेटायची आणि बोट भाजेपर्यंत संपलेली असायची. काडेपेटी बदलून पाहिली. दुसरीही तशीच.

मग धूळ. रोज सकाळी दाराच्या फटीपासून आत, फरशीवर बारीक वाळूची एक रेघ पडलेली असायची. झाडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. खिडकीचा पडदा तर तावदानापासून सुटून खोलीच्या बाजूला तिरका राहायचा. लांबीला कुठेतरी बारीक भेग पडली असणार.

एका रविवारी, भर दुपारी, त्याने वर्तमानपत्राची बोटभर पट्टी फाडली आणि खोलीभर फिरला. दाराखाली धरली. पट्टी आत वळली. कुलपाच्या भोकाशी धरली. आत. खिडकीच्या भेगेशी धरली, तिथेही आत. समोरासमोरच्या भिंती आणि दोन्हीकडून वारा आत. त्याने खुर्चीवर चढून छताजवळचं भोक पाहिलं, मोरीचं तोंड पाहिलं. पाचही ठिकाणी हवा नुसती येत होती. जात कुठूनच नव्हती.

वारा एकीकडून आला तर दुसरीकडून जायला हवा, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. तो खुर्चीवरच उभा राहिला. स्वयंपाकघरात दूध करपलं होतं, त्याचा धूर दारातून आत आला. तो छताकडे चढला नाही. जमिनीपासून हातभर उंचीवरून, पाळलेल्या जनावरासारखा, सरळ कुंड्यांकडे गेला आणि तिथे दिसेनासा झाला.

"काय चाललंय हो?" बायकोने पलंगावरून विचारलं.

तिचा आवाज आताशा वेगळा यायचा. शब्द बाहेर टाकण्याऐवजी ती ते ओढून घेतेय असा. दचकलेलं माणूस श्वास घेता घेता काही बोलतं, तसा.

तो म्हणाला, उंदराचं बीळ शोधतोय.

४

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत गेला. त्या टेबलावर डोकं धरून बसल्या होत्या. त्यांनी आपणहूनच सांगायला सुरुवात केली. तीन महिन्यांचं सगळं काम मातीत गेलं होतं. जिवंत आणि मेलेल्या बरण्यांचे आकडे सारखे येत होते, आणि दोन्हीचे इतके मोठे की कुणाला दाखवायची सोय नाही. त्यांनी सुया बदलल्या, बुचं बदलली, मशीन खोलून पुन्हा जोडलं. आपल्यालाच काही येत नाही अशी आता त्यांची खात्री झाली होती.

इथे त्याने किटलीचं सांगायला हवं होतं.  बावीस वर्षं ज्यांना नावं ठेवली त्यांच्यापुढे मान खाली घालायची, तीही एका किटलीपायी. तो म्हणाला, आजच्या बरण्या मी पुन्हा नीट करून देतो.

त्या दिवशी त्याने शेवाळ दीड तास उकळलं. खळाखळा. पाणी चहासारखं लाल झालं, पानं गळून चिंध्या झाल्या, फुगे फुटले. तो लगदा त्याने गार करून बरणीत भरला, बूच ठोकलं आणि हौदाच्या काठावर तिथेच बसून राहिला. कधी नव्हे ते दोघं शेजारी बसून एकाच बरणीकडे बघत होते, तो आणि मॅडम.

अर्ध्या तासाने बूच मधोमध खाली बसलं.

"काका, हे मेलेलं आहे ना?"

"मेलंय," तो म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो त्यांच्याशी खरं बोलत होता.

मॅडम बरणीवर वाकल्या. मग त्यांनी बोट बुचाजवळ नेलं आणि न टेकवताच मागे घेतलं. म्हणाल्या, असं होत नाही. शेवाळ बरणीभर हवा गिळत नाही. मग विचारलं, आजवरची मेलेली शेवाळं कुठे टाकलीत?

तो म्हणाला, खड्ड्यात. आणि उठून घरी गेला.

५

जाता जाताच त्याने ठरवलं होतं. आज कुंड्या बाहेर.

बायको आरशापुढे बसली होती. गाल भरले होते. तिच्या पांढऱ्या केसांत मुळाशी बोटभर काळं आलं होतं, आणि नखं, कालच कापलेली, पुन्हा वाढली होती. पहिली कुंडी त्याने उचलली तेव्हा ती आरशातून बघत राहिली. तिसरीला हात घातला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. गिरणीतून सुटली त्या दिवसापासून तिच्या हातात एवढा जोर कधी नव्हता.

"मला कळतं सगळं," ती म्हणाली, तसंच, आत ओढून. "मी झोपले की पट्ट्या घेऊन फिरता ते दिसतं मला. वेडी आहे का मी?"

तो म्हणाला, ही हवा चांगली नाही.

"चांगली हवा घेऊन दोन वर्षं काय केलं मी? माशासारखी तोंड उघडून पडले होते. तुम्ही दाराआड जाऊन पुसायचात डोळे. आता घेता येतंय मला. पोटभर घेता येतंय. राहू द्या ना हो."

त्याने मनगट सोडवलं. सातही कुंड्या बोळातून बाहेर नेल्या आणि टाक्यांच्या शेडमध्ये ठेवल्या. परत आला तेव्हा दार हलकं होतं.

पाच वाजता तिचे ओठ निळे पडले. त्याने मशीन लावलं, नळी नाकाला बसवली, पाठ चोळली. तिच्या छातीत कुणीतरी करवत चालवत होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. सहाला डॉक्टरला फोन केला. डॉक्टरने सांगितलं, आता आणून उपयोग नाही, जवळ बसा.

तो जवळ बसला नाही. शेडमध्ये गेला आणि धापा टाकत, दोन दोन करून, सातही कुंड्या परत आणल्या. शेवटची ठेवताना मागे दार आपणहून घट्ट लागलं.

तासाभराने तिने नळी काढून टाकली आणि पाणी मागितलं. त्याने दिलं. 

६

पुढचे आठ दिवस तो कामावर गेला नाही. मॅडमनी दोनदा निरोप पाठवला. त्याने आजारी आहे म्हणून कळवलं.

बायकोचं बोलणं बंद झालं होतं. ती आजारी मात्र दिसत नव्हती. डोळे उघडे, चेहरा तुकतुकीत, तो काही बोलला की मान हलवायची. खाणं थांबलं होतं आणि तरी ती भरत चालली होती. आठव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, खोलीत पांढरं ऊन असताना, त्याने खिशातली कागदाची पट्टी काढली आणि तिच्या नाकाशी धरली.

पट्टी नाकपुडीकडे वळली आणि तिथेच राहिली.

तो थांबला. माणूस घेतो, मग सोडतो. त्याने आपले श्वास मोजले. वीस झाले, चाळीस झाले. पट्टी सुटली नाही. साठ झाले. नव्वदीला त्याने मोजणं सोडून दिलं.

उकडत असेल म्हणून, निदान स्वतःला तसं सांगून, त्याने तिच्या गळ्याशी आलेली चादर जरा खाली केली. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आतून, वाटाण्याएवढे उंचवटे एका ओळीत आले होते. ओळ दोन्ही बाजूंनी खाली बरगड्यांकडे गेली होती. किती खाली, ते त्याने पाहिलं नाही. चादर होती तिथे आणली आणि कडा नीट खोचली.

तेवढ्यात बोळाचं लोखंडी दार वाजलं. चपलांचा आवाज आला.

"बाबा, आई, मी आलेय." लेक होती. रविवारी येणार होती, आधीच आली होती. "म्हटलं न सांगता जावं. आईला चालताना बघायचंय मला."

तिने दार ओढलं. दार हललं नाही. तिने पुन्हा ओढलं, हसली, म्हणाली, हे अजून दुरुस्त केलं नाहीत ना, तरी मी फोनवर म्हणतच होते. तो स्वयंपाकघरातून घराच्या दारापाशी गेला आणि खांदा लावला. पूर्वी थोडं तरी सरकायचं. आता तो भिंतीलाच खांदा लावत होता जणू. पायाखालच्या फटीतून बोळातली हवा शिट्टी घालत आत येत होती.

"बाबा," थोड्या वेळाने लेक म्हणाली. "बोळाचं दारही मागे लागलंय. उघडत नाही. कसं कोंडल्यासारखं वाटतंय इथे."

त्याला ओरडायचं होतं, की खाली वाकू नकोस, फटीशी येऊ नकोस, दगड घे आणि बाहेरच्या दाराला घाल. तोंड उघडलं. हवा त्याच्या घशात शिरली आणि शिरतच राहिली. शब्द काही बाहेर पडेना.

पलीकडे ती आता बोलत नव्हती. श्वास घेत होती, तोंडाने, भराभर. तो आवाज त्याने दोन वर्षं रोज ऐकला होता. हिच्या आईचा आवाज होता तो.

त्याने वळून पलंगाकडे पाहिलं. बायको त्याच्याकडेच बघत होती. तिनेही ऐकलं होतं. तिने मान हलवली. ती हो म्हणाली की नको म्हणाली, हे पुढे किती तरी दिवस तो स्वतःला विचारत राहणार होता. त्या वेळी त्याने विचारलं नाही. फळीवरचा पंपाचा पाना उचलला, आत धावला आणि तो खिडकीच्या मधल्या तावदानावर घातला.

सगळी काच आत पडली. तिच्यामागून समुद्रावरची हवा अशी घुसली की त्याचे पाय सुटले आणि तो कुंड्यांवर पडला. पलंगाची चादर उडाली, आरसा पडला. मग एकाएकी सगळं थांबलं, पोट भरल्यासारखं. कानातले दडे सुटले. घराचं दार कुणी ढकलल्याशिवाय बोळाकडे उघडलं, आणि उंबऱ्यात गुडघ्यांवर बसलेली लेक त्याला दिसली. तिच्या ओठांना पुन्हा रंग येत होता.

तो उठला, चादर उचलून बायकोच्या गळ्यापर्यंत ओढली आणि तिचा हात हातात घेऊन बसला. तेव्हा त्याला कळलं की ती श्वास सोडतेय. सावकाश. गरम, ओलसर, ओहोटीच्या वेळी खडकातून येतो तसा वास असलेला. खिडकीचा पडदा उचलला गेला आणि फुटक्या तावदानातून बाहेर, समुद्राकडे निघाला.

लेक भिंतीला धरून आत आली. काचा चुकवत पलंगापाशी पोचली आणि आईच्या कपाळावर हात ठेवला.

"झोपलीय," ती हळूच म्हणाली. "बघा, किती मोकळा श्वास येतोय. बरी झाली हो बाबा खरंच."

तो म्हणाला, हो. तू जरा बाजूला बस, काच लागेल.

 बायकोचा हात त्याच्या हातात हळूहळू हलका होत होता. त्याने पडद्याकडे पाहिलं. तो अजून बाहेरच होता, ताठ. तो खाली येईपर्यंत थांबायचं, एवढंच आता त्याच्या हातात राहिलं होतं.